चुंबकावर वस्तू तरंगवायची आहे? आधी हे वाचा

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत माझ्या मुलीने एका स्टॉलवर आडवं तरंगणारं पेन पाहिलं. पेनाचं टोक काचेला टेकलेलं, बाकी सगळं पेन हवेत. घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं: आठवीच्या विज्ञान प्रदर्शनाला आपण हेच करायचं, पण टोकसुद्धा कुठे टेकू द्यायचं नाही. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर आहे. बंद पडलेला माग चालू करणं हे रोजचं काम, त्यामुळे चुंबक जरा इकडेतिकडे सरकवले की जमेल, असं मलाही वाटलं. पाळी सुटली की तास-दीड तास, असे अडीच महिने आम्ही दोघं त्याच्या मागे होतो. चुंबक दरवेळी पडला.

तो पडणारच होता, आणि का पडणार हे 1842 सालीच गणिताने दाखवून ठेवलेलं आहे, हे नंतर कळलं. आधी कळलं असतं तर तेवढ्या वेळात तीन चालणारी मॉडेलं झाली असती. ती आम्ही पुढे केलीच. तुमच्या घरातल्या पोराने किंवा पोरीने हाच विषय घेतला असेल, तर आम्ही ज्या क्रमाने जायला हवं होतं तो क्रम खाली देतोय.

1. "तरंगणं" कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहा. वस्तू कुठेही टेकलेली नाही ना? वीज लागत नाही ना? काही फिरत नाही ना? आणि हलकासा धक्का दिला तर ती आपणहून जागेवर परत येते का? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. क्षणभर हवेत थांबणं वेगळं आणि स्थिर तरंगणं वेगळं.

आता सरळ उत्तर. सगळे चुंबक कायमचे, जागच्या जागी ठेवलेले, वीज नाही, फिरणं नाही, टेकू नाही, चुंबकांशिवाय दुसरा खास पदार्थ नाही, अशा मांडणीत एक चुंबक बाकीच्यांवर स्थिर तरंगू शकत नाही. चुंबक दोन घ्या की दोनशे, गोल मांडा की चौकोनी, उत्तर बदलत नाही. मात्र यातली एकेक अट सोडली की एकेक मार्ग उघडतो. टेकू चालत असेल तर पेन्सिल, खास पदार्थ चालत असेल तर ग्रॅफाइट, फिरणं चालत असेल तर भोवरा, वीज चालत असेल तर कॉइल. यातला कुठला मार्ग घ्यायचा हे सामान आणायच्या आधी ठरवा.

2. सामान

- जुन्या, फुटक्या स्पीकरमधल्या दोन-तीन काळ्या रिंग (फेराइट चुंबक). रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे किंवा भंगारात मिळतात. रिंग लोखंडी पट्ट्यांना चिकटवलेली असते. उघड्या हवेत थिनरमध्ये रात्रभर ठेवली की डिंक सुटतो. छिन्नीने ठोकू नका, फेराइट काचेसारखा तडकतो.
- 10 मिमीचे चार चौकोनी निओडिमियम चुंबक आणि 20 मिमीची एक जाड चकती.
- पेन्सिल जाईल एवढ्या भोकाच्या सहा छोट्या रिंग, सगळ्या सारख्या जाडीच्या आणि जाडीच्या दिशेने चुंबकित केलेल्या.
- पायरोलिटिक ग्रॅफाइटचा (कारखान्यात थरावर थर जमवून तयार केलेल्या ग्रॅफाइटचा) पातळ तुकडा. हा बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो, म्हणून सगळ्यात आधी मागवा.
- काचेचा किंवा अॅक्रिलिकचा तुकडा, लाकडी फळी, पितळी किंवा अॅल्युमिनियमचे स्क्रू, मिलिमीटरची पट्टी, सूत, होकायंत्र.
- नोंदवही. मोबाइलमध्ये फोटो काढले की नोंद झाली असं समजू नका, अंतरं हाताने लिहा.

लोखंडी खिळे, स्क्रू आणि पक्कड टेबलावरून हलवा. आमची पहिली मांडणी बिघडली ती फळीच्या खालून मारलेल्या एका छोट्या लोखंडी खिळ्यामुळे. चुंबक त्याच्याकडे किंचित ओढला जात होता आणि दोन दिवस आम्ही चुंबकांतच दोष शोधत होतो.

3. चुंबक हाताळताना

हा भाग घाईने वाचू नका. निओडिमियम चुंबक लहान दिसतात, पण 20 मिमीच्या दोन चकत्यांमध्ये बोटाची कातडी सापडली की रक्त येतं. एकमेकांवर आदळले तर कपचे उडतात, म्हणून चष्मा घाला. घरात लहान मूल असेल तर संध्याकाळी मोजून डब्यात ठेवा. मुलाने दोन चुंबक गिळले तर आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून ते एकमेकांना ओढतात, मधल्या भिंतीला भोक पडतं आणि ऑपरेशनची वेळ येते. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर हे चुंबक त्यांच्या खोलीत नेऊ नका.

साधा निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या वर तापला की त्याचा जोर कायमचा कमी होतो. त्याला सोल्डरिंगचं टोक लावू नका. चिकटवायचा असेल तर थंड स्थितीत घट्ट होणारा दोन ट्यूबचा गोंद वापरा.

ध्रुव ओळखायची सोपी रीत: सगळे सारखे चुंबक एकावर एक चिकटवून मनोरा करा. प्रत्येकाची वरची बाजू आता एकाच ध्रुवाची आहे. एकेक काढत त्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या. ठिपक्याची बाजू उत्तर की दक्षिण, ते होकायंत्राने एकदाच बघून वहीत लिहा.

4. पहिली संध्याकाळ: कांडीवरची रिंग

स्पीकरच्या रिंगचं भोक मोठं असतं, पेन्सिल त्यात ढिली पडते. आम्ही मागाची जुनी लाकडी कांडी फळीवर उभी केली आणि दोन रिंग सारखे ध्रुव समोरासमोर येतील अशा घातल्या. वरची रिंग हवेत थांबली. मध्ये 22 मिमी अंतर होतं. तिसरी रिंग घातली तसं खालचं अंतर 15 मिमी झालं, कारण खालच्या रिंगला आता दोघींचं वजन पेलायचं होतं. बोटाने दाबून सोडलं की रिंग दोन-तीनदा उसळून परत तिथेच येते. म्हणजे वर-खाली दिशेत ती स्थिर आहे.

आता कांडी काढा. रिंग एका बाजूला सरकेल, पलटी खाईल आणि खालच्या रिंगला चिकटेल. माझी मुलगी त्या दिवशी म्हणाली, "कांडी काढली की पडतोय की ओ पप्पा." याचं उत्तर कांडीवरच होतं, पण ते दिसायला आम्हाला फार दिवस लागले. कांडी उजेडात धरून बघा. रिंग जिथे थांबते त्या उंचीवर लाकडाला एकाच बाजूने गुळगुळीत, चमकदार पट्टा पडलेला दिसेल. रिंग सारखी त्या बाजूला रेलत असते आणि कांडी तिला अडवत असते. रिंग हवेत दिसते खरी, पण तिला आडवं धरून ठेवण्याचं काम लाकूड करतंय.

या पट्ट्याचा फोटो काढून ठेवा. परीक्षकांना समजावताना याच्यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला मिळाला नाही.

5. तो का पडतो

कांडी काढल्यावर सगळ्यांना एकच कल्पना सुचते: बाजूंनीही चुंबक लावू, ते आत ढकलतील. आम्ही चार लावले, मग आठ लावले. बाजूचं सरकणं थांबलं, पण आता चुंबक एकदम वर उडायला किंवा खाली बसायला लागला. एक दिशा धरली की दुसरी सुटते.

हे घडतं याला कारण आहे. मोरी डोळ्यांसमोर आणा. पाणी चारी बाजूंनी एका जागी येऊन नाहीसं व्हायचं असेल तर तिथे भोक लागतं. भोक नसेल तर एकीकडून आलेलं पाणी दुसरीकडून बाहेर जायलाच हवं. चुंबकीय क्षेत्राचं रिकाम्या हवेत असंच आहे. हवेतल्या एखाद्या बिंदूकडे सगळ्या दिशांनी आत ढकलणारा जोर तयार करायचा म्हटलं तर त्या बिंदूत काहीतरी असावं लागेल, आणि तिथे तर नुसती हवा आहे. म्हणून दोन दिशांनी आत ढकललं की तिसऱ्या दिशेने बाहेर ढकललं जातंच.

आकड्यांत सांगायचं तर जागेवर परत आणणाऱ्या जोराची तीन दिशांतली बेरीज शून्य येते. वर-खाली दिशेत तो 10 असेल आणि मांडणी गोल असेल, तर दोन्ही आडव्या दिशांत उणे 5 आणि उणे 5. चुंबक वाढवले तर 100, उणे 50, उणे 50 होतील. बेरीज शून्यच. गुरुत्वाकर्षण याला मदत करत नाही, कारण ते सगळीकडे सारख्याच जोराने खाली ओढतं, जागेवर परत आणत नाही. हा हिशेब इंग्लंडमधले धर्मोपदेशक आणि गणिती सॅम्युएल अर्नशॉ यांनी 1842 साली मांडला, म्हणून त्याला अर्नशॉचा सिद्धांत म्हणतात.

मुलांना सांगताना मी घाटातल्या खिंडीचं उदाहरण देतो. रस्त्याने जाणाऱ्याला खिंड हा सगळ्यात उंच भाग, पुढेही उतार आणि मागेही उतार. पण डावी-उजवीकडे बघा, दोन्हीकडे डोंगर चढत गेलेला. त्या दिशेत तीच जागा सगळ्यात खोल. खिंडीत गोटी ठेवली तर ती डावी-उजवीकडे जाणार नाही, रस्त्याने मात्र घरंगळून जाईल. वस्तू स्थिर राहायला वाटी लागते, आणि स्थिर चुंबकांना हवेत खिंडच तयार करता येते.

या शोधात एक-दोन संध्याकाळींपेक्षा जास्त वेळ घालवू नका. पण तेवढा वेळ घालवाच. हाताला ती ओढ जाणवल्याशिवाय मुलांना पुढचं पटत नाही.

6. टोक टेकवलेली पेन्सिल

जत्रेतलं पेन हेच होतं. एका दिशेने चुंबक सुटणारच असेल तर तीच दिशा निवडून तिथे भिंत उभी करायची.

पेन्सिलीवर दोन रिंग चढवा, मध्ये साधारण 8-10 सेंमी अंतर ठेवा आणि कागदाची पट्टी गुंडाळून घट्ट बसवा. फळीवर दोन जोड्या करा. प्रत्येक जोडीतल्या दोन रिंग पेन्सिलीच्या डाव्या-उजव्या बाजूला, काठावर उभ्या आणि किंचित आत कललेल्या. त्यांचे ध्रुव पेन्सिलीवरच्या रिंगच्याच दिशेने हवेत, म्हणजे मधली रिंग वर ढकलली जाते. आता फळीच्या टोकाशी काच उभी करा आणि ती मागे-पुढे सरकवत बघा. पेन्सिलीवरच्या रिंग खालच्या जोड्यांपेक्षा एक-दोन मिलिमीटर काचेच्या बाजूला यायला हव्यात. मग पेन्सिल टोकाने काचेला हलकीच टेकून राहते.

काच फार जवळ आणली तर पेन्सिल उलट दिशेला उडते, फार लांब गेली तर टोक जोरात दाबलं जाऊन शेपूट खाली झुकते. आमची जागा पाचव्या-सहाव्या प्रयत्नात सापडली. बोटाने फिरवली तर ही पेन्सिल बराच वेळ फिरत राहते, कारण घर्षण फक्त त्या एका टोकाशी आहे. मॉडेलच्या पाटीवर "एका बिंदूवर टेकलेली" असं स्पष्ट लिहा.

7. द्राक्ष आणि ग्रॅफाइट

कुठेही न टेकता, विजेशिवाय, न फिरता तरंगणारं घरगुती मॉडेल हवं असेल तर ते हेच. माझा सगळ्यात आवडता भाग.

आधी द्राक्षाचा प्रयोग करा. द्राक्षांचा हंगाम असेल तर नान्नजकडची टपोरी द्राक्षं आपल्याकडे सहज मिळतात. स्ट्रॉच्या दोन टोकांना एकेक द्राक्ष टोचा, स्ट्रॉच्या मध्यावर सूत बांधून दाराच्या चौकटीला टांगा. पंखा बंद, खिडकी बंद. स्ट्रॉ थांबेपर्यंत थांबा, याला पाच-दहा मिनिटं लागतात. मग 20 मिमीची चकती एका द्राक्षाजवळ, न लावता, हळूच न्या. द्राक्ष मागे सरकायला लागतं. इतकं हळू की आधी भास वाटतो. आता चकती उलटी करून दुसरा ध्रुव न्या. तरीही ते मागेच सरकतं.

चुंबक चुंबकाला एका ध्रुवाने ढकलतो आणि दुसऱ्याने ओढतो. द्राक्षाला दोन्ही ध्रुवांनी ढकलतो, कारण त्यातलं पाणी प्रतिचुंबकीय आहे. असा पदार्थ क्षेत्रात आला की त्याच्यात क्षेत्राच्या विरुद्ध दिशेचं अगदी क्षीण चुंबकत्व तयार होतं, आणि तो जास्त क्षेत्राकडून कमी क्षेत्राकडे पळतो. अर्नशॉचा हिशेब ज्याचं चुंबकत्व ठरलेलं आहे अशा वस्तूचा आहे. प्रतिचुंबकीय वस्तूला तो लागू पडत नाही, कारण हवेत कमी क्षेत्राची वाटी तयार करता येते. जास्त क्षेत्राचा ढीग मात्र हवेत होत नाही, म्हणून लोखंड असं तरंगत नाही. जर्मनीतल्या वेर्नर ब्राउनबेक यांनी 1939 साली हे दाखवलं आणि बिस्मथ व ग्रॅफाइटचे छोटे तुकडे तरंगवले. 1997 साली नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी सुमारे 16 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या जोराचं माप) चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला. त्याच गाइम यांना पुढे 2010 साली ग्राफीनसाठी (ग्रॅफाइटचा एका अणूइतका पातळ थर) नोबेल मिळालं.

आपल्याकडे 16 टेस्ला नाही, म्हणून पाण्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त प्रतिचुंबकीय असलेलं पायरोलिटिक ग्रॅफाइट घ्यायचं.

चार चौकोनी चुंबक बुद्धिबळाच्या पटासारखे मांडा: एकाचा ठिपका वर, शेजारच्याचा खाली, तिरक्यात समोरच्याचा परत वर. असे ठेवले की ते शेजारच्याला धरून आपणच घट्ट बसतात. खाली लोखंडी पट्टी ठेवली तर सरकत नाहीत. वर ग्रॅफाइटचा साधारण 1 सेंमी चौरस तुकडा चिमट्याने ठेवा, चिमटा प्लास्टिकचा. तुकडा जरा डोलतो आणि मग थांबतो, बहुतेक वेळा 45 अंशांत तिरका.

उंची फक्त मिलिमीटरभर असते, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. डोळा टेबलाच्या पातळीला आणा आणि मागे टॉर्च लावा. फट दिसते. आम्ही वर्तमानपत्राची पट्टी कापून त्या फटीतून सरकवली. ती या बाजूने आत गेली, त्या बाजूने बाहेर आली, तुकडा जागेवरच. माझी मुलगी तेव्हा काही बोलली नाही. पट्टी पाच-सहा वेळा आरपार ओढत राहिली.

तुकडा तरंगला नाही तर क्रमाने हे बघा:

- जाडी. 1 मिमीपेक्षा जाड असेल तर चिकटपट्टी लावून वरचे थर सोलून काढा. पातळ तुकडा जास्त उंच तरंगतो.
- थरांची दिशा. थर जमिनीला समांतर हवेत. कापताना तुकडा उभा झाला तर तो तरंगत नाही.
- चुंबकांची मांडणी. दोन शेजाऱ्यांचे ठिपके एकाच बाजूला आले असतील तर चूक आहे.
- चुंबकांवर लोखंडाचा कीस. चुंबकाला चिकटपट्टी लावून ओढली की निघतो.
- पंखा. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं जड जातं, पण याला इलाज नाही. नाहीतर मॉडेलवर पारदर्शक डबी उपडी घाला.

साधं पेन्सिलीतलं शिसं यात चालेल म्हणून सांगणारे भेटतील. शिशात माती आणि ग्रॅफाइट मिसळलेलं असतं, प्रमाण प्रत्येकात वेगळं. बारीक शिशाचे छोटे तुकडे कधी तरंगतात, कधी नाही. प्रदर्शनासाठी त्याच्यावर विसंबू नका.

8. भोवरा

चुंबकीय भोवरा बघायला सगळ्यात देखणा. पायात मोठा चुंबक, वर सुमारे तीन सेंटिमीटर उंचीवर फिरणारा भोवरा, मध्ये काही नाही. अमेरिकेतल्या रॉय हॅरिगन यांना याचं पेटंट 1983 साली मिळालं. कित्येक वर्षं लोकांना वाटायचं की फिरण्यामुळे भोवरा पलटी खात नाही, एवढंच कारण आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी 1996 साली गणित करून दाखवलं की तेवढं पुरत नाही. भोवऱ्याचा आस जिथे जाईल तिथल्या क्षेत्राच्या दिशेप्रमाणे हळूहळू कलत राहतो, आणि त्यामुळे त्याला वाटी मिळते. म्हणूनच फार हळू फिरला तर पडतो आणि फार जोरात फिरवला तरीही टिकत नाही.

हा घरी मुळापासून बनवू नका, तयार संच आणा. पाय तीन स्क्रूंवर समतल करावा लागतो. भोवरा सारखा एकाच बाजूला निसटत असेल तर ती बाजू थोडी उचला. पट्टीवर फिरवून, पट्टी हळू वर उचलून, भोवरा सुटला की पट्टी काढून घ्यायची. तो उचललाच जात नसेल तर वॉशर काढून वजन कमी करा, उडून पडत असेल तर वॉशर घाला. हाताला सवय व्हायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. चांगला फिरवला तर दोनेक मिनिटं राहतो, मग हवेच्या घर्षणाने वेग कमी होऊन पडतो.

सोलापुरात एक गोष्ट लक्षात ठेवा, संचाच्या कागदावर ती ठळक नसते. फेराइट चुंबकाचा जोर दर अंशाला साधारण 0.2 टक्क्यांनी उतरतो. सकाळी 26 अंशांत जुळवलेलं वजन दुपारी 42 अंशांत चालत नाही. 16 अंशांच्या फरकात प्रत्येक चुंबक 3 टक्क्यांनी उतरतो, आणि पायाचा व भोवऱ्याचा दोन्ही फेराइट असतील तर उचलणारा जोर 6 टक्क्यांच्या आसपास कमी होतो. या भोवऱ्याला एवढा फरक सोसत नाही. आम्ही वहीत तापमान आणि वॉशरची संख्या यांचा तक्ताच केला. गार झाल्यावर जोर परत येतो.

इंटरनेटवर ड्रिल किंवा मोटरवर चुंबक जोरात फिरवून त्याच्याखाली दुसरा चुंबक अधांतरी धरलेला दिसेल. तेही खरं आहे, तुर्कस्तानातल्या हमदी उचार यांनी ते 2021 साली मांडलं. पण मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरणारा चुंबक निसटला तर गोळीसारखा लागतो. घरात मुलांबरोबर करू नका.

9. वीज आणि अतिवाहक, थोडक्यात

बाजारातला तरंगणारा पृथ्वीगोल विजेवर चालतो. हॉल सेन्सर चुंबकाची जागा क्षणोक्षणी मोजतो आणि सर्किट कॉइलचा प्रवाह कमी-जास्त करत राहतं. शांघायची मॅग्लेव्ह (चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणारी) गाडी याच तत्त्वावर रुळाला धरून असते. मोठ्या वर्गातल्या मुलांना जमेल, कॉइल मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घ्या. लाइट गेली की गोल पडतो, म्हणून बॅटरी जोडा आणि खाली फोम ठेवा.

अतिवाहकावर (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या पदार्थावर) तरंगणारा चुंबक तर हवेत खिळल्यासारखा थांबतो. त्यासाठी उणे 196 अंशांचा द्रवरूप नायट्रोजन लागतो. ते काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर.

10. कुठे फसाल

"फक्त चुंबकांवर तरंगतं" म्हणून दाखवलेल्या व्हिडिओत तीन गोष्टी शोधा: पारदर्शक दोरा, टेबलाखालची कॉइल, आणि चौकटीबाहेर राहिलेलं एक टोक. कॅमेरा चारी बाजूंनी फिरत नसेल तर विश्वास ठेवू नका. आम्ही असा एक "तरंगता संच" मागवला. डबा उघडला तर मधोमध पारदर्शक प्लास्टिकची दांडी. तशीच वस्तू फुकट वीज देईल असं सांगून विकणारेही आहेत. स्थिर तरंगण्याने वीज तयार होत नाही, टेबलावर ठेवलेल्या तांब्याने होत नाही तशीच.

मांडणीला "गुरुत्वाकर्षणविरोधी" असं नाव देऊ नका. गुरुत्वाकर्षण तिथेच असतं, त्याच्याइतकाच जोर वर लागत असतो. तरंगणाऱ्या मॉडेलसकट सगळी पेटी वजनकाट्यावर ठेवा. तुकडा खाली ठेवला तरी आणि तरंगवला तरी काटा तेवढंच वजन दाखवतो. हा प्रयोग आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त मुलांनी करून पाहिला.

11. प्रदर्शनाच्या दिवशी

बरोबर न्यायचे कागद: शाळेचं पत्र, मुलाचं ओळखपत्र, प्रकल्पाचा अहवाल, मूळ नोंदवही, सामानाची यादी आणि सुरक्षिततेची पाटी. अहवालात फसलेल्या मांडण्याही आकृतीसकट द्या. आमच्या वहीत अशा चौदा होत्या, प्रत्येकीखाली चुंबक कुठल्या दिशेने सुटला ते बाणाने दाखवलेलं. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या पानांवर घालवला.

टेबलावर क्रम असा ठेवा: कांडी, पेन्सिल, द्राक्ष, ग्रॅफाइट, शेवटी भोवरा. भोवरा आधी फिरवला तर बाकीचं कुणी बघत नाही.

चुंबक नेताना प्रत्येक दोघांमध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घालून लाकडी डब्यात भरा. एसटीत किंवा रिक्षात डबा लोखंडी पत्र्याला टेकवू नका, आतले चुंबक सरकून एकमेकांवर आदळतात. ग्रॅफाइट काडेपेटीत कापसाच्या दोन थरांमध्ये ठेवा, एक जादा तुकडा बरोबर असू द्या. हॉलमध्ये पोचलात की आधी पंखा कुठे आहे ते बघून टेबल मागून घ्या.